काटा, अवधाण आणि हाफकिनसाहेबांचा ताप

मृग-आर्द्रा बरसून जातात, राबातली रोपे वीतभर होतात आणि आपल्या शहापूर-मुरबाडकडे आवणीची एकच धांदल उडते. डोक्यावर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, पाठ वाकलेली आणि पाय दिवसभर चिखलात. अशा वेळी बांधावरच्या करवंदीचा एखादा काटा टाचेत मोडतो. त्या दिवशी त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी टाच लाल होते, हाताला गरम लागते, सुजते, आणि रात्री असा ठणका लागतो की डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या दिवशी मौज पाहा. ज्या जांघेला काटा शिवलासुद्धा नाही, त्या जांघेत सुपारीएवढी गाठ येते. घरातली म्हातारी म्हणते, "अवधाण आलंय. पाय दाखव बघू."

गाठ जांघेत असताना म्हातारी पाय बघायला मागते, हे तिला कोणी शिकवले? कोणत्याही पुस्तकात न वाचता तिला ठाऊक असते की अवधाणाचे मूळ तळपायात आहे, तसेच काखेतल्या गाठीचे मूळ हाताच्या बोटात असू शकते. माझी आजी असाच पाय पाही, सुईने काटा काढी आणि गव्हाच्या पिठात हळद घालून त्याचे गरम पोटीस बांधी. मी इतिहास शिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण या गाठीपाशी वैद्यकाचा आणि आपल्या मुलखाचा इतिहास एकमेकांना भेटतात, म्हणून ती गोष्ट तुमच्यापुढे मांडतो आहे.

प्रश्न साधा आहे. ही लाली, ही गरमी, ही सूज आणि हा ठणका केला कोणी? काट्याने? त्याच्याबरोबर आत गेलेल्या जंतूंनी? की आपल्याच शरीराने?

ही चार लक्षणे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी ती मोजून लिहून ठेवली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तर सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. आपण आजही "गळू पिकलं" म्हणतो, आंबा पिकावा तसे, ते याच परंपरेला धरून. कच्ची सूज अज्ञानाने कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, अशा दोन्ही वैद्यांची सुश्रुताने सारखीच कठोर निर्भर्त्सना केली आहे. हा इशारा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा आपल्या कामी येणार आहे.

मात्र लक्षणे ओळखणे वेगळे आणि त्यांचा कर्ता ओळखणे वेगळे. शतकानुशतके सूज हाच रोग मानला गेला. ती दिसली की रक्त काढा, जळवा लावा, डाग द्या. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्याने. तो लष्कराबरोबर लढाईवर गेला होता. ज्यांच्या जखमांना कोणीही हात लावला नव्हता असे काही सैनिक तिथे चांगले बरे झालेले त्याने पाहिले. गोळीच्या जखमा, रक्त आणि दाह यांवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. दाह हा स्वतः रोग नसून इजेला शरीराने दिलेले हितकर उत्तर आहे, असे त्याचे म्हणणे होते. पण त्याने हे अनुमानाने सांगितले होते. सुजलेल्या जागी आत काय चालले आहे, ते त्याला दिसले नव्हते.

ते दिसले १८६७ साली. जर्मनीत युलिउस कोनहाइम याने बेडकाच्या अंगातला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला आणि त्याला इजा होऊ दिली. आधी बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या. मग आतला प्रवाह मंदावला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला चिकटू लागल्या, आणि बघता बघता भिंतीतून अंग चोरून बाहेर पडल्या. पू म्हणजे बहुतांशी याच पेशी, हे तेव्हा उघड झाले. आता त्या बाहेर कशासाठी येत होत्या, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर पुन्हा एका काट्यानेच दिले. एल्या मेचनिकॉफ हा रशियन साम्राज्यातला प्राणिशास्त्रज्ञ. ओडेसाच्या विद्यापीठातली जागा सोडून तो १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली आणि हा मागे सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. ताराम्याशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगातल्या फिरत्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले की या पेशी परक्या वस्तूवर चाल करून जात असतील काय? त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो प्रत्येक काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला! या जीवाला ना रक्तवाहिन्या, ना वैद्य. तरी पेशी काट्याकडे धावून आल्या होत्या. मेचनिकॉफने त्यांना भक्षक पेशी ठरवले आणि सांगितले की दाह म्हणजे या पेशींची परक्या जंतूंशी चाललेली लढाई. पुष्कळांनी त्याची चेष्टा केली. १९०८ साली त्याला पाउल एअरलिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपण आपल्या टाचेकडे परत येऊ. काटा घुसला की काही पेशी फुटतात. कातडीखाली पहारेकरी पेशी असतात, त्या ही फुटतूट ओळखून हिस्टामीनसारखी द्रव्ये सोडतात. शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे सैल होतात. जास्त रक्त आले म्हणून जागा लाल झाली, आणि शरीराच्या आतले रक्त उबदार म्हणून ती गरम लागली. वाहिन्यांच्या भिंतींत फटी पडतात. खाचरात पाणी घ्यायचे असले की आपण बांधाची मोरी उघडतो ना, तसेच. रक्तातले पाणी आणि जंतूंशी लढणारी प्रथिने त्या वाटेने बाहेर झिरपतात. ही झाली सूज. काही द्रव्ये मज्जातंतूंची टोके हुळहुळी करतात, तो ठणका. ठणका नको असला तरी उपयोगाचा असतो, कारण तो त्या पायावर भार देऊ देत नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्याच्या पावलाची संवेदना गेली आहे त्याला विचारा. जखम चिघळून हाडापर्यंत जाते तरी त्याला पत्ता नसतो.

काही तासांत पांढऱ्या पेशी येऊन पोचतात, जंतू गिळतात आणि त्यातच मरतात. आपल्या हाडांतला मगज अशा पेशी रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करतो, म्हणून ही उधळपट्टी परवडते. त्यांच्यामागून एक-दोन दिवसांत मोठ्या भक्षक पेशी येतात. मेलेल्या पेशी आणि घाण त्या उचलतात, आणि मग नवे मांस भरू लागते. काही जंतू आणि त्यांचे तुकडे लसिकावाहिन्यांतून वर चढतात. त्या वाटेवरची पहिली मोठी चौकी म्हणजे जांघेतल्या ग्रंथी. तिथे पेशींची कुमक झपाट्याने वाढते आणि ग्रंथी फुगते. हेच आपले अवधाण. लढाई फार पसरली तर निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू शरीराची उष्णताच वर नेऊन ठेवतो. तो ताप.

म्हणजे लाली, गरमी, सूज, ठणका, गाठ आणि ताप, सारे आपलेच कर्तृत्व. हे एकदा ध्यानात घेतले की सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबई वेगळी दिसू लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. प्लेगची पिसू बहुधा पायाला चावते, आणि मग जांघेत गाठ येते, आपल्या अवधाणाच्याच जागी. आपले वैद्य या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. फरक एवढाच, आणि तो जीवघेणा, की प्लेगचे जंतू भक्षक पेशींना दाद देत नाहीत. गिळले तरी त्यांच्या पोटात जिवंत राहतात. चौकी पडते आणि जंतू रक्तात शिरतात. लाखो माणसे मुंबई सोडून कोकणात आणि घाटावर पळाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे तपासू लागले, आणि कल्याणसारख्या जंक्शनवर उतारूंना उभे करून त्यांच्या काखा आणि जांघा चाचपू लागले. आपल्या आसनगाव-कसाऱ्याकडे येणारी प्रत्येक गाडी कल्याणवरूनच येते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या जांघेत अवधाण ही रोजची गोष्ट. परक्या डॉक्टरच्या हाताला काट्याची गाठ कोणती आणि प्लेगची कोणती, हे क्षणभरात कसे कळावे? लोक चिडले ते उगीच नाही. बायाबापड्यांची अशी तपासणी आजही कोणी सहन करणार नाही. त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे शिक्षकमंडळींना सांगायला नकोच.

या गोंधळात ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. ओडेसाचा हा ज्यू तरुण मेचनिकॉफचा विद्यार्थी. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो गुरूच्या पाठोपाठ गेला, तेव्हा प्रथम त्याला ग्रंथालयात काम मिळाले होते. मेचनिकॉफने दाहावरची आपली प्रसिद्ध व्याख्याने दिली त्या दिवसांत हाफकिन त्याच संस्थेत होता. १८९२ साली त्याने पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचली, आणि पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला.

मुंबईत त्याला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून त्याने प्लेगचे जंतू वाढवले. ते तुपाच्या थेंबाखाली झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारले. अशा मेलेल्या जंतूंचा रस त्याने १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतला. मात्राही केवढी? १० घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. टोचल्या जागी वेदना झाल्या आणि ताप चढला.

हा ताप कोणाचा होता, याचा विचार करा. जंतू तर मेलेले होते. त्यांना रोग देता येत नव्हता. टोचलेली जागा दुखली आणि अंग तापले ते हाफकिनच्या स्वतःच्या पेशींमुळे. मेलेल्या शत्रूचा वेश पाहून पलटण उठली होती. त्या खटपटीतच शरीर जंतूची ओळख पटवून ठेवते आणि पुढे खरा जंतू आला की झटपट उठते. ही ओळख कशी साठवली जाते ते बारकाव्याने कळायला पुढे अनेक दशके गेली, पण गुरूचे काट्याचे प्रयोग माहीत असलेल्या शिष्याला त्या तापाची भीती वाटली नसावी, असे मला वाटते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी झाले. तरीही लोकांत शंका राहिली, कारण बाहेर सगळ्यांना दिसत होते ते एवढेच, की चांगल्या माणसाला सुई टोचतात आणि त्याला ताप येतो. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या माणसांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी जागा दिली, तेव्हा पुष्कळांना धीर आला.

देवीच्या लसीचीही अशीच हकीकत आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली. तिच्या दंडावर जो फोड आला, त्यातले पाणी काढून दुसऱ्या मुलाला, त्याच्या फोडातले तिसऱ्याला, असे करत लस हिंदुस्थानभर गेली. तेव्हा शीतपेटी नव्हती. मुलांचे सुजलेले दंड हीच पेटी. आज तुमच्या डाव्या दंडावर क्षयरोगाच्या लसीचा वण असेल तर हात फिरवून पाहा. टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तिथे गाठ आली, ती पिकली आणि सुकली. लहानपणी तुमच्या पेशींनी केलेल्या कामाची ती नोंद आहे.

हे सगळे मी जुनी गोष्ट म्हणून सांगत नाही. आजही आपल्या पाड्यांवर आशाताई आणि आरोग्यसेविका बाळाला दीड महिन्याची लस देतात, रात्री बाळ तापते, मांडी टणक होते, आणि पुढल्या महिन्यात आई बाळाला घेऊन येत नाही. "चांगल्या लेकराला आजारी पाडलं," असे ती म्हणते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. १८९७ च्या मुंबईकराने हेच म्हटले होते, आणि सूज हाच रोग ही समजूत दोन हजार वर्षे मोठमोठ्या वैद्यांची होती. तिला ताप कोणाचा ते कोणी तरी नीट सांगायला हवे. आणि हेही, की एखाद्या बाळाला ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असे होत नाही. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, बाळ निपचित पडले किंवा त्याला झटके आले, तर मात्र लगेच दवाखाना.

पण पहारेकरी आपला म्हणून तो नेहमी शहाणाच वागतो असे नाही. टाचेत मर्यादित असलेली हीच आग जंतूंबरोबर रक्तातून सर्व अंगभर भडकली तर साऱ्याच वाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावतो. म्हणून जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पोटीस बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सापाच्या दंशाची सूज तर निराळीच. ती मोठ्या अंशी विषाचीच करणी असते. तिथे आवळून बांधणे नको, कापणे नको, वाट पाहणे तर मुळीच नको.

करोनाच्या साथीत आपण हा दुहेरी स्वभाव जवळून पाहिला. कित्येक रोगी विषाणूपेक्षा स्वतःच्या फुप्फुसांतल्या दाहाने गेले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसून आले की डेक्सामेथासोन हे दाह शमवणारे जुने, स्वस्त औषध कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. तरी घरोघरी लोकांनी ते पहिल्याच दिवशी घेतले, आणि २०२१ साली महाराष्ट्रात काळ्या बुरशीने किती मधुमेही रोग्यांचे डोळे गेले ते आपण पाहिले. कच्चे कापू नका आणि पिकलेले सोडू नका, हा सुश्रुताचा इशारा इथे मला आठवला. गुडघे दुखले की पटकन आराम देणारे इंजेक्शन मागणाऱ्यांनीही तो आठवावा. आग विझवणारे औषध पहाऱ्यालाही झोपवते.

हाफकिनचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्याची लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला कामावरून दूर केले. बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे पुढे आले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्याची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ साली तो निर्दोष ठरला.

धनुर्वाताची जखम पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. ना फारशी लाली, ना पू, ना अवधाण. जंतू जागच्या जागी बसून विष सोडतो आणि पहारेकऱ्यांना धडसा आवाजही होत नाही. म्हणून शेणामातीत मोडलेला काटा कितीही बारीक असला आणि पाय मुळीच सुजला नसला, तरी धनुर्वाताची लस पूर्वी कधी घेतली होती ते दवाखान्यात सांगून विचारून घ्यावे.

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९३० साली तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. परळला कधी गेलात तर ती जुनी इमारत बाहेरून अवश्य पाहा. आसनगावहून गाडीने दादरला उतरले की ती फार लांब नाही.